पतदर्जा : चढण आणि घसरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



'पत' हा दोन अक्षरांचा शब्द व्यापारी घराण्यातील मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत असतो. पतपेढी, पतपुरवठा, पत राखणे, पत जाणे असे कितीतरी शब्दप्रयोग त्यातून जन्माला आले. पूर्वी दर्शनी हुंडी समोर येताच सकारली गेली, तर पेढीची पत शाबूत आहे असे समजत. ती परत गेली, तर दिवेलागणीपर्यंत ही वार्ता सगळ्या पेठेत पोहोचत असे. कापडबाजारात हे काम मुख्यतः दलालाकडे असे. ताका उलगडून दाखवता दाखवता तो हलक्या आवाजात "या पार्टीकडे जरा बेताने माल द्या" एवढेच बोले, आणि त्या एका वाक्याने समोरच्या दुकानदाराची उधारीची मुदत नव्वद दिवसांवरून तीस दिवसांवर येई. आज ज्यास पतमानांकन म्हणतात, आणि ज्यातील वाढ-घट वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ठळक अक्षरांत छापली जाते, त्याचे हे जुने घरगुती रूप होय.

व्याख्यानासाठी हा विषय निवडण्यास कारण आहे. समाजातील अनेक निवृत्त गृहस्थांची आयुष्यभराची पुंजी, विधवा भगिनींचा उदरनिर्वाह आणि सार्वजनिक न्यासांचे निधी आज कंपन्यांच्या मुदत ठेवींत, कर्जरोख्यांत व म्युच्युअल फंडांत गुंतलेले असतात. ते गुंतवताना पाहिली जाते ती एकच गोष्ट, म्हणजे अर्जावर छापलेली 'ट्रिपल ए' ही अक्षरे. त्या अक्षरांचा नेमका अर्थ काय, ती कोण देतो, कोणाच्या पैशाने देतो, आणि ती बदलू लागली म्हणजे काय करावे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

या व्यवस्थेचा उगम एका कापडाच्या पेढीत आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. न्यूयॉर्क शहरात आर्थर टॅपन व त्यांचे धाकटे बंधू लुईस टॅपन यांची रेशमी कापडाची मोठी घाऊक पेढी होती. १८३७ साली अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले. दूरदूरच्या गावी उधारीवर माल नेलेल्या दुकानदारांकडून वसुली होईना आणि पेढीला आपली देणी थांबवावी लागली. उधारीचे खाते सांभाळताना लुईस यांच्या ध्यानात आले होते की, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला ओहायोतील दुकानदाराची खरी स्थिती कळण्याचे काही साधनच नाही. तेव्हा १८४१ साली त्यांनी 'मर्कंटाइल एजन्सी' नावाची संस्था काढली. गावोगावचे वकील, पोस्टमास्तर व प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या भागातील दुकानदारांविषयी तिला माहिती कळवीत. अमुक मनुष्य उद्योगी आहे काय, मद्य घेतो काय, दुकान स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या, देणी वेळेवर देतो की नाही, असा सर्व तपशील मोठाल्या वह्यांत नोंदला जाई. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन हेही वकिली करीत असता या संस्थेस माहिती पुरवीत असत, असे सांगतात. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येई, कारकून त्याला हवी ती नोंद वाचून दाखवी, आणि लेखी नक्कल कोणास मिळत नसे. त्या काळच्या अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

या वह्यांनी व्यापार सुकर केला, तसे तंटेही निर्माण केले. ओहायोतील एका व्यापाऱ्याच्या घरगुती कलहाविषयी आणि त्यामुळे मालमत्ता अडचणीत येण्याविषयी वहीत नोंद झाली. त्याला न्यूयॉर्कहून माल मिळणे कठीण झाले आणि त्याने संस्थेवर बदनामीचा दावा लावला. दर्जा घसरवणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न म्हणजे त्या व्यवसायाइतकाच जुना आहे. आजही पतमानांकन संस्था आपल्या प्रत्येक अहवालाखाली छापतात की, हे केवळ मत आहे, रोखा घेण्याची वा विकण्याची शिफारस नाही. ते वाक्य बारीक टायपात असते. वाचकाने मात्र ते आधी वाचावे, हे बरे.

दुकानदारांच्या पतीवरून रोख्यांच्या पतीकडे ही कल्पना नेली ती जॉन मूडी यांनी. १९०९ साली त्यांनी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरांचे दर्जे देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'ट्रिपल ए' पासून 'डी' पर्यंतची अक्षरांची उतरंड १९२४ साली फिच या संस्थेने रूढ केली. त्या काळी असा ग्रंथ विकत घेई तो गुंतवणूकदार, म्हणजे ज्याला मत हवे तोच त्याची किंमत देई. ही रीत १९७० च्या सुमारास पालटली. फोटोकॉपी यंत्रे आली, एकाने विकत घेतलेला ग्रंथ दहाजणांकडे फिरू लागला. त्यातच जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही बलाढ्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे ८ कोटींहून अधिक डॉलरचे अल्पमुदतीचे रोखे बुडाले. घाबरलेल्या गुंतवणूकदारांना दर्जा हवाच होता, आणि रोखे विकू पाहणाऱ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजण्यास तयार झाल्या. तेव्हापासून ज्याचे मूल्यमापन करायचे, तोच मूल्यमापनाची फी देतो. बाजारातला दलाल विकणाऱ्याकडून दलाली घेतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो दलालाचे बोलणे थोडे पाखडून घेतो. पतमानांकनाच्या बाबतीत ही पाखडणी होत नाही, आणि सर्व अनर्थाची सुरुवात तेथेच होते.

भारतात क्रिसिल १९८७ साली, इक्रा १९९१ साली आणि केअर १९९३ साली स्थापन झाली. पुढे आणखीही संस्था आल्या. प्रत्येकीची चिन्हे थोडी वेगळी असल्याने गोंधळ होई, म्हणून २०११ साली सेबीने दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी एकच शिडी ठरवून दिली. सर्वांत वर ट्रिपल ए, त्याखाली डबल ए, मग सिंगल ए, मग ट्रिपल बी. येथवर गुंतवणूकयोग्य. त्याखाली डबल बी, सिंगल बी, सी, आणि शेवटी डी. 'डी' म्हणजे कर्जफेड चुकलेली आहे किंवा लवकरच चुकण्याची चिन्हे आहेत. मधल्या पायऱ्यांना अधिक-उणे चिन्हे लागतात. शिवाय दर्जासोबत एक शब्द येतो : स्थिर, सकारात्मक किंवा नकारात्मक. पुढील काळात दर्जा कोणत्या दिशेने सरकण्याचा संभव आहे, ते हा शब्द सांगतो. सामान्य ठेवीदार अक्षरे पाहतो आणि हा शब्द सोडून देतो. त्याला महत्त्वाचा खरे तर तोच, कारण ठेव तीन वा पाच वर्षांची असते आणि अक्षरे आजची असतात.

चढण व घसरण यांची गती सारखी नसते. कंपनी एकेक पायरी वर चढते, दोन पायऱ्यांमध्ये कित्येक वर्षे जातात. उतरताना मात्र पुष्कळदा पायऱ्याच राहत नाहीत. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी २८ नोव्हेंबर २००१ पर्यंत गुंतवणूकयोग्य दर्जाची होती आणि २ डिसेंबरला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडील ठळक उदाहरण आयएल अँड एफएसचे. रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत कामांस पैसा पुरवणाऱ्या या समूहावर सुमारे ९१ हजार कोटी रुपयांचे कर्ज होते आणि मूळ कंपनीला ट्रिपल ए दर्जा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दर्जा एका पायरीने उतरला. सप्टेंबरच्या पूर्वार्धात तो एकदम कित्येक पायऱ्या कोसळला आणि मध्यापर्यंत 'डी' झाला. सुमारे दीड महिन्यात शिखरावरून तळाशी! १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ नेमले. पगारदारांच्या भविष्यनिर्वाह निधींचा पैसाही या रोख्यांत अडकला होता. ज्यांनी तो गुंतवला त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमात उच्च दर्जा हवा होता, आणि दर्जा उच्चच होता.

आयएल अँड एफएसची घसरण इतक्या वेगाने झाली की सामान्य माणसास हालचाल करण्यास अवसरच नव्हता. दिवाण हाउसिंग फायनान्सचे प्रकरण मात्र निराळे आहे, आणि ठेवीदाराने बारकाईने अभ्यासावे असे आहे. ही घरकर्ज देणारी कंपनी जनतेकडून थेट मुदत ठेवी घेत असे. तिच्या ठेवींना ट्रिपल ए दर्जा होता आणि व्याज बँकेपेक्षा काहीसे अधिक मिळे. फेब्रुवारी २०१९ मध्ये केअरने हा दर्जा एका पायरीने कमी केला. त्यानंतरच्या महिन्यांत तो आणखी खाली आला. मे महिन्याच्या उत्तरार्धात कंपनीने नवीन ठेवी घेणे थांबवले आणि जुन्या ठेवी मुदतीपूर्वी परत देणेही थांबवले. जूनच्या प्रारंभी रोख्यांवरील व्याज चुकले आणि दर्जा 'डी' झाला. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत पाठवली. २०२१ साली पिरामल समूहाने सुमारे ३४ हजार २५० कोटी रुपयांत ती घेतली. ठेवीदारांच्या मान्य झालेल्या दाव्यांपैकी सुमारे २३ टक्के रक्कम त्यांच्या वाट्यास आली. रुपयाचे चार आणेदेखील नाहीत.

फेब्रुवारी ते मे हा कालावधी लक्षात घ्यावा. तीन महिन्यांहून अधिक काळ दार उघडे होते. दंडाचे थोडे व्याज सोसून ठेव मोडता येत होती. पहिली घट एकाच पायरीची होती, डबल ए प्लस हा दर्जा वाईट मुळीच नव्हे, आणि म्हणून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. कित्येकांना तर दर्जा उतरल्याचे कळलेच नाही, कारण ठेवीदाराच्या घरी तसे पत्र जात नाही. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे २ हजार २०० कोटींहून अधिक रुपये या कंपनीत अडकून राहिले. तेथे गुंतवणूक पाहणारे अधिकारी होते, तरी ही गत झाली. घरी एकटी राहणारी वृद्ध भगिनी दर महिन्याला दर्जा तपासून पाहील, ही अपेक्षा कोणी करावी?

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे योग्य नाही. दर्जा उतरताच सर्वांनी ठेवी मोडल्या, तर चांगली कंपनीही कोसळेल. आधी बाहेर पडलेल्यास पूर्ण रक्कम मिळते आणि त्याचा भार मागे राहिलेल्यावर पडतो. तेव्हा पळ काढणे न्याय्य काय? व्यापारात याचे उत्तर असे देतात की, मुदत संपलेली ठेव पुन्हा न ठेवणे यात कोणावरही अन्याय नाही, तो ठेवीदाराचा करारच आहे. मुदतीपूर्वी मोडण्याची सोयही कंपनीनेच अर्जात लिहून दिलेली असते. स्वतःच्या पैशापुरता विचार एकवेळ बाजूस ठेवता येईल. परंतु विश्वस्ताच्या हातात दुसऱ्याचा पैसा असतो, आणि त्याला अशी उदारता दाखवण्याचा अधिकार नाही, हे मत ग्राह्य धरावे लागते.

घसरण इतकी तीव्र का होते, याचे कारण केवळ संस्थांच्या आळसात नाही. दर्जा उतरणे ही नुसती बातमी नसते, ती स्वतःच एक घटना असते. अनेक कर्जकरारांत अट असते की, दर्जा अमुक पायरीखाली आला तर व्याज वाढेल, जादा तारण द्यावे लागेल, किंवा सर्व कर्ज ताबडतोब परत मागता येईल. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या अमेरिकन विमा कंपनीचे असेच झाले. १५ तारखेस तिचा दर्जा उतरला. करारांनुसार अब्जावधी डॉलरचे तारण तत्काळ देणे भाग पडले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज देऊन ती वाचवावी लागली. आधीच धाप लागलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी गाठोडे ठेवावे, तसा हा प्रकार. पतमानांकन संस्थेलाही हे ठाऊक असते. म्हणून तिचा हात पहिली पायरी उतरवताना थरथरतो, आणि उशीर झाल्यावर सगळ्या पायऱ्या एकदम उतरवाव्या लागतात.

देशांनाही हाच न्याय लागू आहे. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा मे महिन्यात भारताने २० टन सोने परदेशी बँकेकडे पाठवून डॉलर उभे केले आणि जुलैत सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण टाकले. त्याच मे महिन्यात स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने भारताचा दर्जा गुंतवणूकयोग्य पातळीखाली आणला. सोने त्याच वर्षी सोडवून घेतले गेले. दर्जा मात्र त्या संस्थेकडून परत गुंतवणूकयोग्य ठरण्यास जानेवारी २००७ उजाडावे लागले. सोळा वर्षे! त्यानंतरची केवळ एक पायरी, ट्रिपल बी मायनसपासून ट्रिपल बीपर्यंतची, चढण्यास आणखी अठरा वर्षे लागली. ती वाढ १४ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली. मधल्या काळात मूडीज या संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये एक पायरी वर नेली होती आणि जून २०२० मध्ये ती परत घेतली. एवढ्या काळात भारताने आपले परकीय कर्ज एकदाही चुकवलेले नाही.

बलाढ्य अमेरिकेस मात्र घसरणीचा चटका तितका बसला नाही. ५ ऑगस्ट २०११ रोजी स्टँडर्ड अँड पुअर्सने तिचा ट्रिपल ए काढून घेतला. हिशेबात चूक झाल्याचा आरोप अमेरिकी अर्थखात्याने केला. त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष आपल्या झारखंडात जन्मलेले देवेन शर्मा होते, आणि काही आठवड्यांतच त्यांनी पद सोडण्याचे जाहीर झाले. गंमत अशी की, दर्जा उतरल्यावर जगभरातील गुंतवणूकदारांनी घाबरून शेअर विकले आणि पैसे नेऊन ठेवले ते अमेरिकी सरकारच्याच रोख्यांत! पुढे फिचने २०२३ साली आणि मूडीजने मे २०२५ मध्ये तीच पायरी उतरवली. ज्याच्याशिवाय इतरांचे चालत नाही त्याची पत अक्षरांवर अवलंबून नसते, हे पेठेतील मोठ्या आडत्यांकडे पाहून कापडव्यापाऱ्यास नव्याने शिकावे लागत नाही.

आता थोडे कर्जदाराच्या बाजूने. बासेल-२ ही आंतरराष्ट्रीय नियमावली २००८ च्या सुमारास भारतीय बँकांना लागू झाली आणि मध्यम कारखानदारांच्या दारातही पतमानांकन आले. बँकेने दिलेल्या कर्जावर किती जोखीमभार धरायचा, ते कर्जदाराच्या दर्जावरून ठरू लागले. ट्रिपल ए असल्यास २० टक्के, डबल ए ३०, सिंगल ए ५०, ट्रिपल बी १०० आणि त्याखाली १५० टक्के. दर्जाच नसलेल्या कर्जास मात्र १०० टक्के भार ठेवला होता. परिणाम काय झाला? ज्याला डबल बी मिळण्याची भीती, त्याने मूल्यमापनच करून न घेणे फायद्याचे ठरले. नापासाच्या गुणपत्रिकेपेक्षा कोरी गुणपत्रिका बरी! मोठ्या कर्जांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने पुढे ही पळवाट बुजवली.

दुसरी युक्ती अशी की, वर्ष वाईट गेले म्हणजे पतमानांकन संस्थेस कागदपत्रे देणेच थांबवायचे. पूर्वी अशा वेळी दर्जा 'स्थगित' होई. ऑगस्ट २०१५ मध्ये ॲमटेक ऑटोचा डबल ए मायनस दर्जा असाच स्थगित झाला. तिचे रोखे बाळगणाऱ्या जेपी मॉर्गनच्या दोन म्युच्युअल फंड योजनांना पैसे परत देण्यावर मर्यादा घालावी लागली. २०१६ साली सेबीने नियम केला की, सहकार्य न करणाऱ्या कंपनीच्या दर्जापुढे तसा शेरा स्पष्ट छापावा. हा शेरा दिसला म्हणजे अक्षरे कोणतीही असोत, कपाटाची किल्ली कमरेलाच राहू द्यावी. ज्या कारखानदाराला आपला दर्जा राखायचा आहे, त्याने याच्या नेमके उलट करावे. मोठी ऑर्डर रद्द झाली, सुताचे भाव एकाएकी उतरून साठ्यात खोट आली, मोठा ग्राहक बसला, तर ती बातमी बाजारातून कळण्याआधी स्वतः संस्थेस व बँकेस द्यावी आणि सोबत पुढील सहा महिन्यांची रोकड कोठून येणार ते कागदावर मांडावे. मूल्यमापन करणारा तोट्यापेक्षा अनपेक्षित तोट्यास अधिक बिचकतो. तसेच कर्जकरारावर सही करण्यापूर्वी दर्जाशी बांधलेली अट त्यात आहे काय, ते वकिलाकडून वाचून घ्यावे. नफ्याच्या वर्षी ही अट निरुपद्रवी दिसते, म्हणून सह्या निर्धास्तपणे होतात.

गुंतवणूकदाराने काय वाचावे? दर्जासोबत संस्था आपल्या संकेतस्थळावर सविस्तर टिपण प्रसिद्ध करते. ते विनामूल्य असते. आयएल अँड एफएस प्रकरणानंतर, २०१९ साली, सेबीने या टिपणात दोन गोष्टी नेमकेपणाने देण्यास सांगितले. एक, कंपनीकडे रोकड पुरेशी आहे की ओढाताणीची. आणि दोन, कोणत्या गोष्टी घडल्यास दर्जा वाढेल व कोणत्या घडल्यास उतरेल. ही दुसरी यादी म्हणजे बाजारातल्या दलालाने कानात सांगितलेली गोष्टच छापून आलेली आहे. कर्ज अमुक पटीपलीकडे गेले तर, वसुली अमुक दिवसांहून लांबली तर, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते वाचून घरच्या वडीलधाऱ्यांना समजावू शकेल. घरोघरी असे विद्यार्थी आहेत, त्यांना हे काम द्यावे.

अक्षरांची भीती अवाजवी धरण्याचेही कारण नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्यांत तुलनेने खालच्या दर्जाचे रोखे पुष्कळ होते आणि सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. करोनाच्या काळात घेणारे कोणी नव्हते, हे संकटाचे मुख्य कारण होते. पुढील काही वर्षांत त्यांतील बहुतेक रोख्यांची वसुली झाली आणि योजना बंद झाल्या त्या दिवशीच्या मूल्याहून एकूण अधिक रक्कम परत देण्यात आली. ज्याला त्या पैशाची तातडीची गरज नव्हती, त्याचे नुकसान झाले नाही. ज्याच्या घरी त्याच वर्षी रुग्णालयाचे बिल आले, त्याचे हाल झाले. तेव्हा दर्जा पाहण्याआधी आपल्याला पैसा केव्हा लागणार ते पाहणे, हा क्रम ठेवावा.

व्यक्तीचा दर्जा ही या विषयाची नवी शाखा. सिबिल संस्था २००० साली स्थापन झाली. ३०० ते ९०० या टप्प्यातील तिचा गुणांक आज लग्नाच्या बोलण्यांतही डोकावतो, असे विनोदाने म्हणतात. समाजातील एका रीतीमुळे हा गुणांक नाहक घसरतो. भाच्याच्या किंवा व्याह्यांच्या कर्जास जामीन राहणे ही आपल्याकडे नात्याची बाब समजली जाते, आणि सही करून मनुष्य ती विसरून जातो. परंतु ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते, थकले तर थकबाकी म्हणून दिसते, आणि दहा वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला गेल्यावर बँकेच्या टेबलावर प्रथमच उघडकीस येते. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. तो मागवावा. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू झाला. नातलगास जामीन राहू नये, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. राहिल्यास त्या कर्जाचा हप्ता जातो की नाही, हे दर तिमाहीस विचारण्याचा संकोच मात्र धरू नये.

शेवटी न्यासांच्या निधीविषयी. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३५ निधी कोठे ठेवावा ते सांगते, आणि प्राप्तिकराच्या सवलतीसाठी वेगळी यादी आहे. एखादी गुंतवणूक यादीत बसते, म्हणजे ती सुरक्षित आहे असा अर्थ बहुतेक कार्यकारिणी घेतात. घरकर्ज कंपन्यांच्या ठेवीही प्राप्तिकराच्या यादीत बसत होत्या. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून मिळाले. कंपनीतील ठेवीस असे कोणतेही संरक्षण नाही. तेव्हा खजिनदाराच्या ठेव-नोंदवहीत रक्कम, व्याजदर व परिपक्वतेची तारीख या रकान्यांबरोबर आणखी तीन रकाने आखावेत : ठेव ठेवली त्या दिवशीचा दर्जा, आजचा दर्जा व त्यापुढील शब्द, आणि तो पाहिल्याची तारीख. ते पाहण्याचे काम एका विश्वस्ताकडे नावानिशी सोपवावे आणि तिमाही सभेच्या कार्यवृत्तात त्याची नोंद घ्यावी. कोणताही दर्जा एका पायरीने जरी उतरला, तरी पुढील सभेची वाट न पाहता अध्यक्षांना त्याच दिवशी दूरध्वनी करावा.